एका चपलेचा आवाज

३ मार्च २०२५, सोमवार. कंधार

ही दुकानाची वही. दुरुस्तीला आलेल्या पाण्याच्या मोटारीचा नंबर, हॉर्सपॉवर, बिघाड आणि शेवटी शेरा, असे चार रकाने. काम झालं की शेऱ्यात मी 'चालू' लिहितो. तीस वर्षांत असल्या चाळीसेक वह्या भरल्या असतील. आज पहिल्यांदा बिघाडाच्या रकान्यात मोटार नाही, मालक आहे. पंचाक्षरी, वय सत्तावन्न, डावी बरगडी.

कारण असं. लातूरच्या डॉ. विशाखा सोनकांबळे चिनी सुयांचा उपचार करतात. फोनवर त्या म्हणाल्या, "काका, यायच्या आधी आठ दिवस लिहून आणा. कुठं दुखतं, कधी दुखतं, कसं दुखतं. नुसतं 'लई दुखतं' लिहिलेलं चालणार नाही."

गेल्या आषाढात नागीण उठली. छातीपासून पाठीपर्यंत फोडांचा पट्टा. शेजारच्या नागुबाईनं काव उगाळून लावली आणि वर सांगितलं, "तोंड-शेपटीची गाठ पडू देऊ नका, माणूस जातंय." गाठ पडली नाही, फोड वाळले, डाग फिके झाले. आग मात्र तिथंच राहिली. नांदेडचे डॉक्टर म्हणाले, नागीण गेली, पण जाताना नस जाळून गेली. त्यांच्या गोळ्यांनी आग थोडी दबते आणि डोकं जड होतं. परवा एका मोटारीची दोन टोकं मी उलटी जोडली. मी!

सदऱ्याचं कापड बरगडीला लागलं की उघड्या तारेला हात लागल्यासारखं होतं. म्हणून दिवसभर डाव्या हातानं सदरा अंगापासून ओढून धरतो. म्हणजे आठ महिने मी एका हाताचा मिस्त्री आहे. एका हातानं वाइंडिंग होत नसतं.

ठरवलंय. दहा वेळा लातूरला जायचं. फरक पडला तर ठीक, नाहीतर दुकानाला कुलूप.

५ मार्च, बुधवार

दुखणं लिहायला बसलो की दुखण्याला तोंड फुटत नाही. 'आग' लिहिलं, खोडलं. 'चमक' लिहिलं, तीही खोडली. शेवटी लिहिलं: ओल्या भिंतीला करंट उतरतो तसं. हात लावावा तर झटका, नाही लावला तरी भीती.

माझी बायको शिवगंगा कॉइल भरत बसली होती. दुकान उभं केलं ते तिच्या बोटांनी. मी विहिरी-विहिरीतून जळक्या मोटारी सायकलवर आणायचो आणि ती वेढे मोजून तार भरायची. अजून वेढा चुकत नाही. म्हणाली, "लिवा, लिवा. दुखण्याचं पुराण लिवा. मला बगा, डोक्याच्या केसापासून पायाच्या नखापत्तूर कुटंच कायी दुखंना."

खरं आहे. नशीबवान बाई. पंचावन्न वर्षांची झाली, आई गं म्हणून कधी बसली नाही. फक्त पाणी लई पिते. आत्ता तांब्या भरून ठेवला, आत्ता रिकामा.

अर्धापूरचा सुदाम मोटार घेऊन आला होता. केळीच्या बागा, त्यात उन्हाळा तोंडावर, त्याला घाई. याच सुदामनं लातूरचा पत्ता दिला; त्याच्या मानेची नस बाईंनीच सोडवली. जाताना आमच्या दुकानाच्या पाटीकडं बघून खदखदा हसला. पाटीवर मीच रंगवून घेतलंय: 'येथे चायना माल वापरला जात नाही.'

"अप्पा, तीस वरसं चायनाच्या बेअरिंगला शिव्या दिल्याव. अन् आता सोताला चायनाचं बेअरिंग बशिवणार?"

"गॅरंटी विचारूनच बसवीन," मी म्हणालो.

११ मार्च, मंगळवार. लातूर, पहिली खेप

कंधारहून सकाळची एसटी. सोबत शिवगंगा, कारण एक हात सदऱ्याला, मग पिशवी कोण धरणार?

पोचलो ते मुद्दाम तासभर आधी. बाहेरच्या बाकावर डोळे मिटून बसलो आणि कान उघडे ठेवले. माल कसा आहे ते दुकानदार सांगत नसतो, गिऱ्हाईक सांगतं. एक म्हातारी म्हणत होती, गुडघ्याला आराम आहे. एक मास्तर म्हणाला, चार वेळा येऊन मला काडीचा फरक नाही. आतून बाईंनी ते ऐकलं आणि दारात येऊन म्हणाल्या, "मास्तर, मग उगीच येऊ नका. मी चिठ्ठी देते, हाडाच्या डॉक्टरांना दाखवा." तेव्हा माझा निम्मा विश्वास बसला. सगळीच गिऱ्हाइकं खूश असती तर मी उलटपावली परतलो असतो.

बाई चाळिशीच्या आतल्या. मूळच्या इस्लापूरच्या, शिक्षण मुंबईला, नंतर सहा महिने चीनमध्ये. मनगटावर तीन बोटं ठेवून नाडी बघितली, एका हाताची, मग दुसऱ्याची. जीभ बघितली. मग ही वही वाचली. 'ओल्या भिंतीला करंट' वाचून हसल्या नाहीत, स्वतःच्या कागदावर उतरवून घेतलं.

"काका, याला तुम्ही नागीण म्हणता. चीनमध्ये काय म्हणतात माहितीये? कमरेला विळखा घालणारा साप."

"तिथंबी सापच?"

"तिथंही सापच. आणि सुया लावायची रीत अशी, की त्या सापाला चहूबाजूंनी वेढा घालायचा."

वेढा म्हटल्यावर शिवगंगा एकदम बोलली, "किती वेढे?"

बाई गोंधळल्या. मी समजावलं की आमच्या धंद्यात तारेला वेढे असतात. खूप हसल्या. म्हणाल्या, "पहिल्या दिवशी अकरा."

सुई केसाएवढी. टोचते म्हणण्यापेक्षा, टोचल्यावर थोड्या वेळानं आत काहीतरी जड होतं, पसरतं. "दुखलं असं सांगू नका, काय झालं ते सांगा," बाई म्हणाल्या. मी सांगितलं, "दूरवर कुणीतरी मेन स्विच टाकला." तेही लिहून घेतलं.

गॅरंटी विचारलीच. म्हणाल्या, "आग कमी होऊ शकते. पुष्कळांची होते, काहींची होत नाही. गेलीच असं लिहून देणार नाही. आणि नांदेडच्या गोळ्या माझ्या सांगण्यावरून बंद करायच्या नाहीत, त्यांनाच विचारायचं."

गॅरंटी न देणारा चायना माल पहिल्यांदाच बघितला. म्हणजे तोही दरवेळी देत नाही म्हणा, पण हा कबूल करून देत नाही.

१८ मार्च, मंगळवार

दुसरी खेप. काही फरक नाही. येताना बसमध्ये खिडकीचा वारा सदऱ्यात शिरला आणि डोळ्यांत पाणी आलं. शिवगंगेनं पदर धरला वाऱ्याला, लोह्यापर्यंत.

२६ मार्च, बुधवार

काल तिसरी खेप झाली. आज अकराच्या सुमारास साडेसात हॉर्सपॉवरच्या एका मोटारीवर वाकलो होतो. पेचकसाचं टोक बेअरिंगवर, मूठ कानाला. मोटारीचं दुखणं मी असंच ऐकतो. कोरडं बेअरिंग किरकिरतं, झिजलेलं घरघरतं आणि एक फेज गेलेली मोटार कण्हते. दुकानात कुणीही बोललं तरी मला त्या आवाजातला फरक कळतो.

तर ऐकत होतो. शिवगंगा समोरून म्हणाली, "आवो."

"थांब, ऐकू दे."

"आवो, सदरा सोडलाव तुमी."

खाली बघितलं. एका हातात पेचकस, दुसरा हात मोटारीवर. सदरा अंगाला लागलेला. किती वेळ झाला कुणास ठाऊक! कळल्याबरोबर जागा हुळहुळली, पण झटका नाही. नुसती हुळहूळ.

मी पेचकस पुन्हा बेअरिंगवर टेकवला. ती खाली मान घालून वेढे मोजत राहिली, पण मोजताना चुकली. तिच्या आयुष्यात पहिल्यांदा. पुन्हा एकपासून सुरुवात केली.

सोनकांबळे बाईंचे उपकार. आणि सुदामचेही, पण त्याला सांगणार नाही, गावभर करील.

२ एप्रिल, बुधवार

दुकानात मोटारींची रांग. उन्हाळा म्हणजे आमची सुगी. दोन्ही हातांनी काम करतोय, हे लिहितानाही बरं वाटतं. आग अजून आहे, पण पूर्वी सोळा आणे होती ती आता नऊ-दहा आणे असेल.

शिवगंगेनं गच्चीवर कुरडया घातल्यात. दुपारी एक वाजता मी चप्पल घालून वर गेलो तरी तळवे भाजले. ही त्या स्लॅबवर अनवाणी उभी राहून कुरडया उलटत होती.

"अगं, पाय भाजतील!"

"कामून भाजतील? लागंना बी मला."

कामाची बाई. आमच्या पिढीची घडणच वेगळी. सुदामच्या सुनेला हे दाखवायला पाहिजे.

दुकानातही अनवाणीच फिरते. चप्पल घाल म्हटलं तर म्हणते, पायात राहत नाही, आपोआप निसटते. नव्या चपला आणल्या, त्याही सैल म्हणते. पायाचं माप तर तेच आहे.

८ एप्रिल, मंगळवार. पाचवी खेप

आज हसून पुरेवाट झाली. लातूर स्टँडवर उतरून दवाखान्याकडं चाललो. मी पुढं, ती मागं. थोडं चालल्यावर कानाला काहीतरी खटकलं. चट्... चट्... मध्ये मोकळं. पुन्हा चट्. मोटारीची एक फेज गेली की असंच लंगडं ऐकू येतं. वळून बघितलं तर डाव्या पायात चप्पल, उजवा पाय मोकळा!

"उजवी कुटाय?"

तिनं खाली बघितलं. चेहरा असा झाला जणू पाय दुसऱ्याचाच आहे. "आसंल बसमधी," म्हणाली.

"पायातली चप्पल गेलेली कळंना? उद्या पाय इसरून येशील."

ती हसली. मीही हसलो. जवळच्या दुकानातून नवी जोडी घेतली. दवाखान्यात ही गंमत मी बाईंना रंगवून सांगितली. बाई हसल्या नाहीत. हातात सुई तशीच धरून म्हणाल्या, "काकू, चप्पल अशी आधी कधी गेली होती?"

शिवगंगा घाईनं म्हणाली, "न्हाई, न्हाई. तुमी यांचं बगा." बाहेर पेशंट खोळंबले होते. बाई एवढंच म्हणाल्या, "पुढच्या वेळी काकूंची दहा मिनिटं द्या मला."

कशाला, ते कळलं नाही. नवा पेशंट मिळवायची सोय असेल.

१५ एप्रिल, मंगळवार

आज जे झालं ते नीट लिहिलं पाहिजे.

मी पालथा पडलेलो, पाठीत सुया. हलता येत नाही, पण कान मोकळे आणि मान तिरकी करून थोडं दिसतं. बाईंनी पलीकडच्या खुर्चीवर शिवगंगेला बसवलं. ती म्हणत होती, "मला कायी होईना बाई, कायीच दुखंना. यांची मात्र नड भागवा."

बाईंनी दोन दातांचा लोखंडी काटा काढून तळहातावर आपटला. हूंऽऽ असा सूर निघाला. बारीक, गोल, खोट नसलेला. नव्या बेअरिंगवर मोटार मोकळी फिरते तसा. मी खोलीच्या या टोकाला होतो तरी मला स्वच्छ ऐकू आला.

"काकू, हा अंगठ्यावर टेकवते. डोळे मिटा. थरथर थांबली की सांगा."

सूर बारीक होत गेला आणि विझला. नुसता पंख्याचा आवाज राहिला.

"काकू, थांबली?"

"कवाची वाट बगायले, बाई. तुमी सुरू तर करा."

मी पालथा होतो म्हणून बरं. तोंड उशीत घातलं, कुणाला दिसलं नाही.

दुसऱ्या पायालाही तसंच. मग घोट्याला. नडगीच्या मध्यावर आल्यावर ती म्हणाली, "हां, इतं कायतर गुणगुणतंय."

बाईंनी तिचा उजवा पाय उचलून तळवा उजेडात धरला. मग चिमटा मागितला. अंगठ्याच्या मुळाशी काळी पडलेली जागा, त्यात काहीतरी रुतलेलं. मला उठता येईना म्हणून चिमट्यात धरून माझ्या डोळ्यांपुढं आणलं. "काका, हे काय आहे, ओळखता?"

न ओळखायला काय झालं! तांब्याच्या तारेचा तुकडा. अठरा गेज, वरचं इनॅमल शाबूत. माझ्याच कटरनं तोडलेला, माझ्याच दुकानात पडलेला.

"काकूंच्या पायात हा किती दिवस आहे, देव जाणे. आत पू आहे. त्यांना कळलंच नाही."

बोटातून थेंबभर रक्त घेऊन साखर बघितली. आकडा ऐकून मी चुकीचं ऐकलं असं वाटलं. माझे कान कधी चुकत नाहीत.

मी विचारलं, "तिला आजच सुया लावता का? माझ्या आधी तिला लावा."

"नाही काका. जखमेच्या पायाला मी सुई लावणार नाही. ही जागा आत्ता सर्जनची आहे, आणि साखर गोळ्या-इन्सुलिनची. रिक्षा बोलावते. आजच, आत्ता." माझ्या पाठीतल्या सुया निम्म्या वेळातच काढल्या.

इथल्या मोठ्या दवाखान्यात शिवगंगेला भरती करून घेतलं. ती कॉटवर बसून मला म्हणते, "दुखत तर न्हाई वो. मग कामून येवढं?"

१६ एप्रिल, बुधवार. लातूर

सर्जनांनी जखम साफ केली. म्हणाले, हाडापर्यंत गेलंय की नाही ते दोन दिवसांत कळेल. गेलं असेल तर अंगठा. त्याहून पुढं गेलं तर बघू.

बाकावर बसून ही वही मागं चाळली. लग्नात तिनं माप ओलांडलं तो उजवा पाय. पाच मार्चच्या पानावर माझ्याच अक्षरात: 'नशीबवान बाई.' दोन एप्रिल: 'कामाची बाई.' आणि आठ एप्रिल: 'हसून पुरेवाट झाली.' चप्पल गेल्याचा आवाज मी ऐकला. एक फेज गेल्यासारखा, असंही लिहिलं. कोणती फेज गेली, ते बघितलं नाही. गिऱ्हाइकाच्या मोटारीला तीस वर्षं कान लावला, आणि घरातली मोटार कण्हत नव्हती म्हणून ती चालू आहे असं धरून चाललो.

सोनकांबळे बाई दुपारी बघायला आल्या. त्यांचा पेशंट नसताना. मला म्हणाल्या, "काका, स्वतःला दोष देत बसू नका. साखरेनं त्यांच्या पायाच्या नसा बधिर केल्या होत्या. दुखत असतं तर त्यांनी सांगितलं असतं. दुखत नव्हतं, हीच तर तक्रार होती."

मी म्हणालो, "बाई, स्टार्टरमध्ये ओव्हरलोड रिले असतो. मोटारीवर भार आला की तो खटका पाडतो. लोक वैतागतात, खटका सारखा पडतोय म्हणून रिलेच काढून तार थेट जोडतात. मग मोटार निमूट चालते. आणि निमूट जळते. माझा रिले उगीच खटका पाडत होता. हिचा कुणीतरी काढूनच टाकला होता."

बाईंनी पर्समधून कागद काढला आणि ते लिहून घेतलं. "बाकीच्या पेशंटना सांगायला," म्हणाल्या.

१८ एप्रिल, शुक्रवार

हाडापर्यंत गेलेलं नाही. अंगठा राहिला.

सर्जन म्हणाले, आणखी आठ दिवसांनी आला असता तर हे बोलता आलं नसतं. शिवगंगेला सांगितलं तर म्हणाली, "म्या सांगत व्हते, कायी होईना म्हणून." मग पदर तोंडाला लावला. मी तिचा डावा पाय, चांगला तो, मांडीवर घेऊन बसलो. तिला ते कळलं नसेल. कळलं नाही तरी चालतंय.

४ मे, रविवार. कंधार

ड्रेसिंगला आता नांदेडला जातो, ते जवळ पडतं. तिथल्या डॉक्टरांनी साखरेची औषधं बसवून दिली. माझ्या गोळ्याही निम्म्या केल्या, डोकं हलकं झालं.

दुकान रोज दोनदा झाडतो, मग लोहचुंबक फिरवतो. तांबं चुंबकाला चिकटत नाही हे मला ठाऊक आहे, तरी फिरवतो. खिळे तरी निघतात. शेवटी गुडघ्यावर बसून हातानं चाचपतो.

सकाळी चहाच्या आधी तिचे तळवे बघायचे, असा नेम केलाय. वाइंडिंगमधली बारीक तुटकी तार शोधायचा दिवा आणि भिंग आहे, त्यानं. पहिल्या दिवशी ती लाजली. "लोक काय म्हणतील? नवरा पाय धरून बसलाय."

"म्हणतील, मिस्त्री बिघाड बघायलाय."

२० मे, मंगळवार

माझी सातवी खेप. मधले मंगळवार गेले तरी आग वाढली नाही. चार आणे उरली असेल. बाई म्हणाल्या, तेवढी कदाचित राहील. राहू दे. तेवढीच्या सोबतीनं माणूस दुकान चालवू शकतो. कुलपाची भाषा आता कुणी काढायची नाही.

आणखी एक सांगायचं म्हणजे, या आगीला मी वर्षभर शिव्या दिल्या. तिनं मला लातूरला नेलं नसतं, तर शिवगंगा स्वतःसाठी दवाखान्याची पायरी चढली नसती. काही दुखत नसताना कोण चढतं? नागिणीनं मला जाळलं आणि तिचा पाय वाचवला. असा हिशेब कुठल्या रकान्यात घालायचा, समजत नाही. आभार तर मानलेच पाहिजेत.

सुदाम आला होता. त्याच्यादेखत शिडी लावून पाटीवर रंग मारला. 'येथे चायना माल वापरला जात नाही'च्या खाली बारीक अक्षरात: 'सुया सोडून.'

१७ जून, मंगळवार. लातूर

जखम भरली. नांदेडच्या डॉक्टरांनी होकार लिहून दिल्यावर बाईंनी गेल्या दोन खेपांपासून शिवगंगेलाही सुया सुरू केल्यात. आधीच सांगितलं, "काकू, गेलेलं सगळं परत येईल असं नाही. खरं काम साखर आटोक्यात ठेवण्याचं. सुयांनी थोडी जाग आली तर आली." पहिल्या खेपेला काही नाही. दुसऱ्या खेपेला काही नाही. बाई विचारायच्या, "काय झालं?" ती म्हणायची, "कायी न्हाई," आणि माझ्याकडं बघायची, जणू परीक्षेत नापास झाली.

आज आम्ही दोघं शेजारच्या दोन टेबलांवर. मी पालथा, ती उताणी. बाईंनी तिच्या उजव्या घोट्याच्या वर सुई लावली.

"काय झालं, काकू?"

पुन्हा नुसता पंख्याचा आवाज.

दुसरी, जरा खाली.

"आई गं!"

बाईंचा हात थांबला.

"दुखलं की वो! ठणकलं बगा, पार बोटापत्तूर. काढा, काढा!"

"काढू नका!" मी पालथ्या पालथ्याच ओरडलो. "बाई, राहू द्या! अजून जरा राहू द्या!"

"तुमचं काय जातंय ओरडायला?" शिवगंगा म्हणाली. "पाय माजा दुखायलाय."

बाहेरच्या बाकावरचे लोक आत डोकावले, कुणाला इतकं लागलं म्हणून. त्यांना काय सांगणार! बाई हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. शिवगंगा अजून 'दुखायलंय, दुखायलंय' म्हणत होती, आणि म्हणताना तिचा आवाज हसरा होत चालला होता.

येताना स्टँडजवळ पेढे घेतले. तिला नाही, साखर! बसमधल्या बाकीच्यांना वाटले. कंडक्टरनं विचारलं, "अप्पा, काय खुशखबर?"

मी म्हणालो, "आमच्या बायकोचा पाय दुखला."

तो माझ्याकडं बघतच राहिला.

कंधारला उतरलो. आज मी मुद्दाम मागं राहिलो, ती पुढं. नव्या चपलांना मागून पट्टा आहे. चट्, चट्. चट्, चट्. दोन्ही.

माझ्या बरगडीचं आज काय झालं ते बघायचं राहूनच गेलं.

बिघाड: शिवगंगा, उजवा पाय.
शेरा: दुखला. चालू.